जुन्या ध्वनिवर्धकाचा जीर्णोद्धार

आमचें जालना हें भंगार विकत घेऊन त्याच्या सळया करणारें गांव आहे. ठिकठिकाणचें मोडकें लोखंड येथील भट्ट्यांत वितळतें आणि इमारतीच्या कामाला लागणाऱ्या सळया होऊन बाहेर पडतें. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण व्यापाराच्या भरभराटीवरून पडली. अलीकडे बियाणें आणि पोलाद या दोन धंद्यांनीं ती खरी ठेवली आहे. अशा गांवांत एखादी जुनी वस्तु मोडींत न घालतां दुरुस्त करावयाची असा हट्ट कोणी धरला, तर लोक त्याच्याकडे थोडेसे दयेनें पाहतात. गेलें वर्षभर ही दया आमच्या वांट्याला पुष्कळ आली. वाचकांपैकीं ज्यांच्या माळ्यावर अशीच एखादी वस्तु धूळ खात पडली असेल, त्यांच्या उपयोगी पडेल या समजुतीनें ती हकीगत येथें देत आहों.

ही वस्तु म्हणजे व्हॉल्व्हचा एक ध्वनिवर्धक. सगळेजण त्याला ॲम्प्लिफायर म्हणतात. आमच्या कादराबादेंतील वाड्यांत तो १९६६ सालापासून आहे. तो दुकानांतून विकत आणलेला नव्हे. आमचे थोरले बंधु दादा त्या वेळीं वीज मंडळांत नव्यानेंच नोकरीला लागले होते, आणि पगारांतून उरतील तेवढ्या रुपयांचे सुटे भाग आणून त्यांनीं तो स्वतः जोडला. आराखडा इंग्लंडांतील मलार्ड कंपनीचा. १९५४ सालीं प्रसिद्ध झालेला तो आराखडा ‘पांच-दहा’ या नांवानें ओळखला जाई, कारण पांच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट शक्ति एवढाच त्याचा पसारा होता. आम्ही तेव्हां आठ वर्षांचे. दादा सोल्डर करीत असतांना बॅटरीचा उजेड धरणें एवढेंच काम आमच्याकडे असे. राळेचा तो वास अजून ओळखतों.

आमच्या घरीं रामनवमीचा उत्सव असतो. समर्थांचें जन्मग्राम जांब हें आमच्याच जिल्ह्यांत, आणि समर्थांचा जन्महि रामनवमीचाच. तेव्हां या बाजूला त्या दिवसाचें महत्त्व विशेष. कीर्तन ओसरीवर होई, आणि घरांतील बायका मात्र पंक्तीच्या स्वयंपाकांत गुंतलेल्या असत. आमच्या मातोश्रींनीं एकदां बोलून दाखविलें, कीं नऊ दिवस घरांत कीर्तन होतें, पण पूर्वरंगाचा एक शब्द आपल्या कानीं पडत नाहीं. दादांनीं यंत्र जोडावयास घेतलें तें या बोलण्यावरून. मायक्रोफोन ओसरीवर राहिला, आणि चौकांत कर्णा न लावतां लाकडी पेटींतला एक साधा स्पीकर त्यांनीं स्वयंपाकघराच्या दाराशीं नेऊन ठेवला. पुढें अठ्ठावीस वर्षें हा क्रम चालला.

१९९४ च्या उत्सवांत, अष्टमीच्या रात्रीं, एका व्हॉल्व्हच्या आंतील पट्टी लालबुंद झाली, वार्निश जळाल्याचा वास सुटला आणि आवाज बंद पडला. दुसऱ्या दिवशीं भाड्याचें यंत्र आलें. तें बरेंच मोठ्यानें ओरडे, एवढें त्याच्याविषयीं सांगतां येईल. आमचा ध्वनिवर्धक माळ्यावर गेला.

तो खालीं काढण्याचें कारण आनंदाचें नव्हतें. वाडा आतां उतरवावयाचा आहे. भिंती पोखरल्या आहेत, आणि तिन्ही भावांच्या कुटुंबांनीं वेगवेगळ्या सदनिका घेतल्या आहेत. वांटणीच्या याद्या करतां करतां माळ्यावरून तें धूड निघालें. दादांना दोन वर्षांपूर्वीं अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. उजवा हात गेला व वाचाहि गेली. समजतें सर्व, बोलतां कांहीं येत नाहीं. यंत्र ओसरीवर ठेवलें तेव्हां त्यांनीं डावा हात त्याच्या पत्र्यावर ठेवला, तो बराच वेळ काढला नाहीं.

यादींत त्याच्यापुढें काय लिहावें, यावर घरांत तीन मतें पडलीं. पुतण्याचें म्हणणें असें, कीं पेटी तशीच ठेवून आंतील सर्व काढून टाकावें, व मोबाइलवरून बिनतारी गाणें लागेल असें तयार सर्किट बसवावें. धाकटे बंधु विकण्याच्या बाजूचे. त्यांच्या ओळखीचा जुन्या मालाचा एक व्यापारी येऊन गेला. त्यानें यंत्राकडे फारसें पाहिलेंहि नाहीं, व्हॉल्व्हवरील छाप तेवढे भिंगांतून वाचले आणि नुसत्या व्हॉल्व्हना बरी किंमत देऊं केली. परदेशांतील हौशी लोक जुने युरोपीय व्हॉल्व्ह चढ्या भावानें घेतात, हें खरें आहे. त्यामुळें अशीं कित्येक यंत्रें डोळे काढलेल्या देहासारखीं भंगारांत येतात. तिसरें मत आमचें: दुरुस्त करावें. आमच्या कुटुंबानें विचारलें, “आणि पैसे?” प्रश्न रास्त होता. सामायिक खर्चांतून अशा गोष्टीला पैसा काढणें एकत्र घरांत शोभत नाहीं, आणि त्याच महिन्यांत न्हाणीघरांतला गीझरहि बिघडलेला. तेव्हां वहिनी म्हणाल्या, “भावोजी, सामायिकांतून नकोत. माझ्या नांवचे घ्या. पण आंतलें काढूं नका. तें यांच्या हातचें आहे.” त्यावर कोणी बोललें नाहीं.

व्हॉल्व्हचें काम जाणणारे जालन्यांत आमच्या माहितीचे एकच गृहस्थ उरले आहेत. सारें गांव त्यांना चाचा म्हणतें. वय सत्तरीच्या पुढें, एका डोळ्याचें मोतीबिंदूचें ऑपरेशन झालेलें, हात किंचित् कांपतो. दुकान मुलानें मोबाइल दुरुस्तीचें केलें आहे. चाचांचें टेबल पायरीजवळ. त्यांनीं होकार दिला तो एका अटीवर. “गुरुजी, सांगेन मी, सोल्डर पोरगं करील.” पोरगं म्हणजे दादांचा नातू, तंत्रनिकेतनांत शिकणारा. त्याच्या हातांत व्हॉल्व्ह यापूर्वीं कधीं आला नव्हता.

जुनें यंत्र सांपडल्याबरोबर बहुतेक लोक वीज लावून पाहतात. चाचांचा पहिला नियम असा, कीं तसें मुळींच करूं नये. यंत्रांतील मोठे कंडेन्सर वर्षानुवर्षें स्वस्थ पडून राहिले, म्हणजे त्यांच्या आंतील ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर झिजतो. अशा वेळीं एकदम पूर्ण दाब दिला तर ते फुटतात आणि जातांना ट्रान्सफॉर्मरलाहि घेऊन जातात. म्हणून शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब यंत्राच्या एका तारेंत मधें जोडावयाचा, आणि डिमरस्टॅटनें दाब हळूहळू चढवावयाचा. बल्ब मंद राहिला तर ठीक. भगभगून पेटला तर आंत कोठेंतरी शॉर्ट आहे. असा बल्बहि हल्लीं सहज मिळत नाहीं. कोठीच्या खोलींतला काढून दिला, आणि तो भगभगूनच पेटला.

दुसरा नियम जिवाचा आहे. या यंत्रांत तीनशें व्होल्टचा दाब असतो, आणि वीज बंद केल्यावरहि तो कंडेन्सरांत कांहीं काळ राहतो. रोधामार्फत तो उतरवून, मीटरवर शून्य पाहिल्याशिवाय आंत बोट घालूं नये. आणि घालतांना एक हात पाठीमागें ठेवावा, म्हणजे वीज एका हातांतून दुसऱ्या हातांत छातीवाटे जाणार नाहीं. मुलाबाळांच्या घरीं ज्यांना हें काम करावयाचें असेल त्यांनीं हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा. आम्हीं ठेवला होता.

व्हॉल्व्हच्या नांवांनीं आम्हांला अनपेक्षित आनंद दिला. आमच्या यंत्रांत ई.एफ.८६ एक, ई.सी.सी.८३ एक, ई.एल.८४ दोन आणि ई.झेड.८१ एक. नातू हीं नांवें मोटारींच्या क्रमांकांप्रमाणें पाठ करीत होता. चाचांनीं फोड करून सांगितली. पहिला ‘ई’ म्हणजे आंतील तापणाऱ्या तंतूला ६.३ व्होल्ट लागतात. ‘सी’ म्हणजे ट्रायोड. ‘सी’ दोनदां आला म्हणजे एकाच कांचेंत दोन ट्रायोड. ‘एफ’ म्हणजे बारीक आवाज उचलणारा पेंटोड, ‘एल’ म्हणजे स्पीकर हालविण्याइतकी शक्ति देणारा, ‘झेड’ म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेला वळविणारा. आणि ‘८’ या आंकड्यावरून नऊ पायांची बैठक कळते. आम्हीं जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलें. ‘अच्’ म्हटलें कीं सारे स्वर, ‘हल्’ म्हटलें कीं सारीं व्यंजनें, हें पाणिनीचें कौतुक सांगतांना अर्ध्या वर्गाला झोंप येई. तीच युक्ति युरोपांतल्या कारखानदारांनीं कांचेच्या नळ्यांना लावलेली पाहून आम्हांला आपलें कोणीतरी भेटल्यासारखें झालें. ‘ई.एल.३४’ म्हणजे काय, असें चाचांनीं विचारतांच तंतू ६.३ व्होल्टचा, काम शक्तीचें आणि बैठक निराळी, असें नातवानें आपणच सांगितलें.

लोकांची समजूत अशी, कीं व्हॉल्व्ह मिळत नाहींत म्हणून हीं यंत्रें मेलीं. वस्तुस्थिति बरीच उलट आहे. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर निघाला, आणि पुढील तीसेक वर्षांत त्यानें रेडिओंतून व्हॉल्व्हची हकालपट्टी केली. बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह एके काळीं आपल्याकडे घरोघरच्या रेडिओंत असत, तेहि बनेनासे झाले. परंतु विद्युत् गिटार वाजविणाऱ्या मंडळींना व्हॉल्व्हचाच आवाज रुचतो, त्यामुळें रशियांत सराटोव्ह येथें, तसेच स्लोव्हाकियांत आणि चीनमध्यें हे नवीन तयार होत राहिले. २०२२ च्या मार्चांत युद्धामुळें रशियाचा माल कांहीं काळ अडला व भाव चढले. तरी जिन्नस दुर्मिळ झाला नाहीं. आमचे तीन व्हॉल्व्ह धडके निघाले, आणि ई.एल.८४ ची नवी जोडी मुंबईहून आठवड्यांत आली.

अडलें तें क्षुल्लक वस्तूंपाशीं. एकाच डब्यांत दोन कंडेन्सर असलेली ती ॲल्युमिनियमची नळी आम्हांला कोठें मिळाली नाहीं. पुण्याच्या तपकीर गल्लींत दोन दिवस हिंडून सुटे कंडेन्सर आणले आणि जुनी नळी पोकळ करून ते तिच्या पोटांत बसविले. मेणकागदाचे लहान कंडेन्सर सर्वच बदलले, कारण १९९४ चा घात त्यांपैकींच एकानें केला होता. ई.सी.सी.८३ कडून आलेला ध्वनि पुढें ई.एल.८४ कडे जाऊं द्यावयाचा, पण त्याच्याबरोबरचा मोठा स्थिर दाब अडवावयाचा, हें त्याचें काम. कागद जुना होऊन दमटला, कीं स्थिर दाब थोडाथोडा झिरपतो, ई.एल.८४ ची जाळी शून्यावर राहावयाची ती वर चढते. व्हॉल्व्ह बेसुमार प्रवाह ओढूं लागतो, पट्टी लाल होते, आणि तो प्रवाह ज्या बारीक तारेंतून येतो ती तार जळते. चार आण्यांच्या कागदापायीं आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला.

आणि हा ट्रान्सफॉर्मर कोठेंच मिळेना. व्हॉल्व्हना हजारों ओहमचा भार लागतो, स्पीकर पंधरा ओहमचा. या दोघांमधला दुभाषा म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. परदेशांतून मागवावा, तर किंमत आणि जकात मिळून वहिनींच्या ठेवीला मोठें भगदाड पडतें. चाचा म्हणाले, “तार गुंडाळणारे जालन्यांत कमी आहेत काय?” खरेंच, शेतीच्या पंपांच्या मोटारी जळतात, त्यामुळें वाइंडिंगचीं दुकानें आमच्याकडे गल्लोगल्लीं. एका दुकानदारानें ती केंसासारखी तार पाहून प्रथम हातच जोडले. मग म्हणाला, “किती वेढे आणि कोणत्या क्रमानें, तें लिहून आणा गुरुजी, गुंडाळायचं मी बघतो.”

क्रम शोधणें हेंच मोठें काम ठरलें. जुनी गुंडाळी उलट उलगडावयाची आणि प्रत्येक वेढा मोजावयाचा. मुख्य तार एका दमांत गुंडाळलेली नसते. तिचे कांहीं थर, मग स्पीकरच्या तारेचा थर, पुन्हां मुख्य, पुन्हां स्पीकर, अशी एकींत एक घातलेली असते. तशी न घातली तर झांजेची किणकिण, बोलण्यांतला ‘स’ आणि ‘श’, हे वरचे सूर वाटेंतच विरतात. वेदपाठी मंडळी नुसतीं पदें म्हणून थांबत नाहींत. पहिलें-दुसरें, दुसरें-तिसरें असा क्रमपाठ म्हणतात, म्हणजे एकहि पद गळत नाहीं कीं जागा सोडीत नाहीं. आम्हीं तशीच दुहेरी मोजणी ठेवली. नातू उलगडतांना मोजी, आणि तीच तार रिकाम्या रिळावर भरतांना वाइंडिंग मशीनचा काउंटर मोजी. दोन आंकडे जुळल्याशिवाय वहींत नोंद नाहीं. चार संध्याकाळी गेल्या. जळालेल्या अर्ध्या भागांत वेढे एकमेकांस चिकटून कोळसा झाले होते; तेथें शाबूत अर्ध्यावरून पाठ लावला, कारण दोन्ही अर्धे सारखेच असावे लागतात.

एकंदर निघाले ते मुख्य तारेचे ३००० वेढे व स्पीकरच्या तारेचे १३०. भागाकार तेवीस, तेविसाचा वर्ग ५२९, त्यास पंधरांनीं गुणलें म्हणजे ७९३५, जवळजवळ आठ हजार ओहम. आराखड्याला तेवढेच हवे होते. एक भर मात्र जाणूनबुजून घातली. पंधरा ओहमचा नवा स्पीकर बाजारांत मिळाला नाहीं, आठाचा हवा तेवढा मिळतो; म्हणून स्पीकरच्या तारेला पंचाण्णवाव्या वेढ्यावर एक फांटा काढून घेतला. पोथीची नक्कल करणाऱ्यानें आपला श्लोक मधें घुसडला तर तो क्षेपक. समासांत आपलें म्हणून लिहिला तर पुढच्याची फसवणूक होत नाहीं. त्या फांट्याला आम्हीं सालासह चिठ्ठी बांधली आहे.

यानंतर रोधांची तपासणी चालली. जुने कार्बनचे रोध वर्षांगणिक चढत जातात. एक लाख ओहमचा सव्वा लाख होतो. नातू प्रत्येक रोध मोजून आराखड्याशीं ताडून पाही आणि चढलेला असेल तो बदली. दोन्ही ई.एल.८४ च्या कॅथोडांखालीं आराखड्यांत २७० ओहमचा रोध होता. मीटर दाखवी ३९०. “हेपण चढलेत,” असें म्हणून त्यानें पक्कड उचलली, तोंच कोंपऱ्यांतल्या खाटेवरून काठी आपटल्याचा आवाज झाला. दादांनीं डावा हात आडवा हालविला. चाचांनीं रोधावरचे पट्टे भिंगांतून पाहिले: नारिंगी, पांढरा, तपकिरी. म्हणजे तो चढलेला नव्हता. मुळांतच ३९० चा बसविलेला होता.

नातू म्हणाला, त्या काळीं जालन्यांत २७० चा मिळाला नसेल. चाचांनाहि तसेंच वाटलें. दादांनीं पुन्हां नकारार्थी मान हालविली आणि भिंतीवरच्या विजेच्या फळीकडे बोट केलें. ज्यांच्या घरीं असा रुग्ण आहे त्यांना हा खेळ ठाऊक असेल; आम्ही ‘फ्यूज?’, ‘बिल?’, ‘वीज मंडळ?’ असें विचारीत राहिलों, आणि दादांच्या कपाळाला घाम आला. वहिनी म्हणाल्या, “आतां पुरे, दमतील ते.” पण दादांनीं बोट खालीं घेतलें नाहीं. शेवटीं नातवानें आपल्या मीटरच्या तारा फळीवरच्या प्लगमध्यें घातल्या. रात्रीचे साडेदहा झाले होते. आंकडा आला २४६ व्होल्ट. दादांनीं डोळे मिटून मान डोलाविली.

चाचांच्या तें तात्काळ ध्यानांत आलें. ई.एल.८४ च्या पट्टीला १२ वॅटहून अधिक उष्णता सोसत नाहीं. २७० चा रोध घातला तर व्हॉल्व्ह या मर्यादेच्या अगदीं कडेनें चालतो, आणि रात्रीं गांवाचा भार उतरून दाब चढला कीं ती ओलांडतो. ३९० नें प्रवाह घटतो, आवाज थोडा कमी होतो, व्हॉल्व्ह मात्र सुखांत राहतो. दादा वीज मंडळांतले; रात्रीं दाब किती चढतो हें त्यांना नोकरींतून कळलेलें, आणि कीर्तन तर मध्यरात्रीपर्यंत चालावयाचें. मूळचे व्हॉल्व्ह अठ्ठावीस वर्षें टिकले ते या रोधामुळें.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम घेतलें, तें १९६६ सालीं पुरें झालें. त्या शास्त्रांतला एक नियम असा आहे, कीं दोन पाठांत जो अवघड दिसतो त्याचा आधीं विचार करावा, कारण नकलकार अवघडाचें सोपें करतो, सोप्याचें अवघड सहसा करीत नाहीं. हें आम्हांला चाळीस वर्षें माहीत होतें. तरी त्या रात्रीं दादा खाटेवर नसते, तर नातवानें आपल्या समजुतीनें शुद्ध पाठ बसविला असता आणि आम्हीं त्याला शाबासकी दिली असती. वहींत त्या दोन रोधांपुढें आतां सगळें कारण लिहून ठेवलें आहे, आणि त्याखालीं दादांचा डाव्या हाताचा अंगठा घेतला आहे. हा अंगठा घेण्याची कल्पना नातवाची; आम्हांला ती जरा कोर्टकचेरीसारखी वाटली, पण दादांना आवडलेली दिसली.

यंदाच्या रामनवमीस वाड्यांतील शेवटचा उत्सव झाला. जुना मायक्रोफोन केव्हांच निकामी झाला होता, नवा आणला. स्वयंपाक आचाऱ्याकडे होता, त्यामुळें बायका ओसरीवरच बसल्या होत्या. तरी वहिनींच्या सांगण्यावरून स्पीकर स्वयंपाकघराच्या दाराशींच ठेवला. आचारी आणि त्याच्या हाताखालचीं दोन मुलें, एवढेच काय ते त्याचे श्रोते. मधूनमधून वहिनी उठून तिकडे जात आणि येऊन दादांना सांगत, “स्पष्ट येतंय.” वांटणीच्या यादींत यंत्र दादांच्या नांवें लिहिलें गेलें आहे. पुतण्यानें स्वतःच तें लिहिलें.

घरघर मात्र अजून थोडी आहे. चाचांच्या मतें ई.एफ.८६ च्या तंतूच्या दोन तारा एकमेकींस पीळ देऊन पत्र्याच्या कडेकडेनें न्यावयास हव्या. त्या १९६६ पासून मोकळ्याच आहेत. नातू म्हणतो, आजोबांना विचारल्याखेरीज हात लावणार नाहीं. चाचांच्या दुसऱ्या डोळ्याचें ऑपरेशन भाद्रपदांत ठरलें आहे. तें झाल्यावर, दिवाळीच्या सुटींत, नव्या सदनिकेंत हें काम निघेल.